आत्याची मुलगी

वीकाचं मला एकच पत्र आलं, डनेडिनहून. मी त्याचं उत्तर दिलं नाही. आमची गोष्ट सांगायला मी काही योग्य माणूस नव्हे; ज्यांना प्रेम बोलून दाखवता येतं त्यांनीच अशा गोष्टी सांगाव्यात. तरी सांगतो.

वावाऊ बेटावर, नेइआफूच्या शाळेत मी तेव्हा शिकाऊ मास्तर होतो. पुस्तकांची खोलीही माझ्याकडेच होती. एका दुपारी पाऊस असा कोसळत होता की समोरचं बंदर पुसून गेलं होतं. दारात एक मुलगी आली — डोक्यावर केळीचं पान, कोपरांवरून पाणी ठिबकतंय. शाळेचं शिक्षण नुकतंच संपलेलं, आणि डॉक्टर व्हायचं डोक्यात घेतलेलं. तिला शरीररचनेचं पुस्तक हवं होतं. मी ते काढून दिलं आणि खाली बघत सांगितलं की पोटापर्यंतच आहे, पुढचं उंदरांनी खाल्लं.

"चालेल," ती म्हणाली. "पायांचं तुमचे बघून शिकेन, मास्तर."

मी पाय टेबलाखाली ओढून घेतले. ती हसली... आणि मग येतच राहिली. ते अर्धं पुस्तक तिला पाठ झालं, तरी परत करायची आणि पुन्हा न्यायची. कधी पानात बांधलेला उकडलेला तारोचा कंद माझ्यासमोर ठेवायची. म्हणायची, मास्तरांची हाडं वरूनच दिसतात, अभ्यासाला बरी आहेत, पण जरा खात जा.

पुढे तिला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. शेजारच्या देशात, सुवाला, सरकार स्वतःच्या खर्चाने पाठवत होतं, पण विज्ञान शिकून शिक्षिका होण्यासाठी. वैद्यकीयचं नंतर, जागा आणि पैसे असले तर. दूर परदेशात, डनेडिनला, पहिल्या वर्षी चांगले गुण मिळवणाऱ्यांना थेट वैद्यकीयला घेत. मात्र फी, राहणं, जेवण सगळं पदरचं. तिचे वडील मासे धरायचे. त्यांना जायचं भाडंही झेपलं नसतं.

मला त्याच वर्षी सुवाला पाठवणार होते, शिक्षक होण्याच्या अभ्यासाला.

"सुवा स्वस्त आहे," ती एकदा पुस्तकाची पानं उगीच चाळत म्हणाली. "आणि तिथे एक मास्तर पण येणार आहेत म्हणे."

"डॉक्टर व्हायचं राहून जाईल."

"नंतर बघू ना."

"नंतर कोण बघतं, वीका..."

तिने पुस्तक मिटलं. "मग तू सांग. तू म्हणालास तर — सुवा."

पहिल्यांदाच ती मला 'तू' म्हणाली होती. मी कपाटाची धूळ पुसू लागलो. पुसतच राहिलो.

गावाने तिच्या फीसाठी कावाची — मुळं कुटून केलेल्या, जरा गुंगी आणणाऱ्या पेयाची — संध्याकाळ ठरवली. आमच्याकडे अशा वेळी पुरुष चटईवर गोल करून बसतात आणि एक मुलगी मोठ्या भांड्यातून कावा ओतून देते. तिची थट्टा करायची, गाणी म्हणायची, समोर नोटा टाकायच्या. फक्त भावाने तिथे बसायचं नाही; बहिणीची थट्टा भावाच्या कानावर पडू नये. चुलत, मावस, आते, मामे, मानलेला — सगळे भाऊच. वीकाचे चुलतभाऊ दारातूनच नोटा देऊन पळाले.

माझी पाळी आली. करवंटी देताना तिची बोटं माझ्या बोटांवर जरा जास्तच थांबली.

"नीट धर, मास्तर. सांडलंस तर दुप्पट पैसे."

सगळे हसले. मीही हसलो. आयुष्यात तेवढा सुखी मी पुन्हा कधी झालो नाही.

जमले ते पैसे भाड्यापुरते होते. तेवढ्यात माझी आत्या आत आली. तिचा व्हॅनिलाचा मळा होता, मूलबाळ नव्हतं, आणि आत्याचा शब्द आमच्या घरांत कुणी मोडत नाही. माझे वडीलही मोडत नसत.

"डॉक्टर होईपर्यंत वीकाचा सगळा खर्च माझा," आत्या म्हणाली. "पण दान म्हणून नाही. तिच्या आईबापांना चालत असेल, तर आजपासून ती माझी मुलगी."

वीकाच्या वडिलांनी डोळे पुसत मान डोलावली. दुसऱ्याचं मूल आपलं करणं आमच्याकडे नेहमीचंच. कुणाला काही वावगं वाटलं नाही.

आत्याची मुलगी म्हणजे माझी बहीण.

मी बसून राहिलो असतो, तर सर्वांसमोर आत्याचा शब्द नाकारल्यासारखं झालं असतं. आत्याने तो मागे घेतला असता. वीका आत्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती — अगदी स्थिर. बसून राहा, असं म्हणत होती ती नजर.

मी करवंटी चटईवर ठेवली आणि उठलो.

"मास्तरला बहीण मिळाली रे," मागून कुणीतरी म्हणालं. पुन्हा हशा झाला. तिचा आवाज त्यात नव्हता.

वर्षभराने सुवाला तिचं पत्र आलं. वैद्यकीयला जागा मिळाली होती. 'पण आधी सांग,' तिने लिहिलं होतं, 'उठताना तुला काहीच वाटलं नाही? एक ओळ लिही. मी सगळं सोडून सुवाला येते.'

एक ओळ पुरेशी होती, म्हणूनच ती लिहिता येईना.

ती डॉक्टर झाली. आम्हा दोघांचीही लग्नं झाली, नीट झाली. माझी आई आजारी पडली तेव्हा वीका ऑकलंडहून आली. ती पुढच्या दाराने आत आली आणि मोठे भाऊबहीण एका छपराखाली थांबत नाहीत, त्या रीतीप्रमाणे मी मागच्या दाराने बाहेर गेलो. फणसाच्या झाडाखाली, झिमझिम पावसात उभा राहून ऐकत होतो — आईला कुठे दुखतं, कसं दुखतं, हे ती विचारत होती. निघताना ती मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "तुमच्या मुलाला सांगा, या वयात भिजू नये."

आता आत्या नाही, माझी बायकोही नाही. वीका निवृत्त झाली आहे. तिचाही नवरा गेल्याचं ऐकतो. माझ्या ओळीने आता तिचं काही मोडणार नाही. म्हणून काल लिहिलं.

'वीका, मी बसून राहिलो असतो तर तू सुवाला आली असतीस. मला तेच हवं होतं. म्हणून उठलो.'

आज सकाळी पोस्टातल्या मुलीने पाकीट तोललं, तिकीट लावलं आणि मागच्या पोत्यात टाकलं.