एकच किटली

पुतूवाल्याच्या गाडीची शिट्टी आधी माझ्या खिडकीखालून गेली. थोड्या वेळाने तीच शिट्टी वर्गातल्या बान्यूच्या माइकमधून आली.

आमच्या ऑनलाइन इंग्रजीच्या वर्गात टीचर लुर्देसचा एक नियम होता. कॅमेरा बंद ठेवला तरी चालेल, पण तास सुरू होताना सगळ्यांनी माइक उघडायचे. "घरातले आवाज येऊ द्या," त्या दूर इलोइलो शहरातून म्हणायच्या. "ओळखा बघू कुणाकडे काय चाललंय. मग एकटं वाटत नाही."

"सेकारकडे किटली!" हनोईची हान माझं नाव घेऊन ओरडली. मग, "बान्यूकडेपण किटली!" सगळे हसले. ती किटली नाही, पुतूच्या, म्हणजे वाफवलेल्या तांदळाच्या गोड उंड्यांच्या गाडीवरची वाफ आहे, हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. एरवी पुतूवाले पाक गिमान गाडी घेऊन तास संपल्यावर यायचे, त्या दिवशी कधी नव्हे ते लवकर आले.

बोलण्याच्या सरावासाठी बान्यूची नि माझी जोडी लागली ती योगायोगाने. पहिल्या दिवशी "मी सुराबायाचा" एवढंच तो बोलला. मी तेवढंही बोलले नाही. हॉटेलातल्या नोकरीच्या मुलाखतीत माझी दातखीळ बसली होती, समोरचे हसले होते. तेव्हापासून कुणी बघत असलं की माझा आवाजच फुटत नसे.

"तुझ्याकडे पाल बोलतेय," तो शेवटी म्हणाला. "तिचं इंग्रजी आपल्यापेक्षा बरं आहे."

मी हसले, आणि मग बोलतच सुटले. तो लांब सुराबायाला, मला बघणार थोडाच! पुन्हा मुलाखत द्यायची धास्ती सांगितली... इतकंच काय, तुझ्या आवाजासाठी दिवसभर थांबते, हेही सांगून बसले.

आणि आता तो इथे, सेमारांगमध्ये, माझ्या पुढच्याच गल्लीत!

जोडीच्या ऑनलाइन खोलीत आम्ही दोघंच उरलो तेव्हा मी विचारलं, "बान्यू... तू कुठे आहेस?"

"आपण इतक्या जवळ राहतो, हे मलाही आत्ताच कळलं," तो हळूच म्हणाला. "नोकरीसाठी आलोय इथे. सुराबायाचा आहे, ते खोटं नव्हतं गं."

मी फोन बंद केला आणि पडदे ओढले. बाहेर चपला वाजल्या की पडद्याच्या फटीतून बघायचे. खरंच आत्ताच कळलं त्याला? की रोज माझ्या दारावरून जायचा? त्याहून मोठी भीती वेगळीच होती. तो समोर आला आणि माझी दातखीळ बसली, तर? जगात एकाच माणसाशी मला मोकळं बोलता येत होतं... तोही जायचा.

पुढचा तास मी बुडवला. टीचरचा निरोप आला, "किटली कुठे गेली? सगळे विचारतायत." मग बान्यूचा: "तुझ्या गल्लीत मी येणार नाही. उद्या गाडी माझ्या गल्लीत येईल तेव्हा तिच्यापाशी उभा असेन. नाही आलीस, तर वर्ग मी सोडतो. तू नको सोडूस."

दुसऱ्या दिवशीही पाक गिमान लवकर आले. मी शिट्टीमागून चालत गेले. वळणापाशी परत फिरावंसंही वाटलं. गाडीजवळ चौकटीच्या शर्टातला एक उंच मुलगा उभा होता, हातात पुतूचा पुडा. त्याने माझ्याकडे पाहिलं.

झालं. तीच दातखीळ.

तो जवळ आला नाही. सावकाश वळला आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला.

"कॅमेरा बंद," तो म्हणाला. "घाई नाही."

वाफ शिट्टी वाजवत होती. खोबऱ्याचा, गुळाचा वास येत होता. मी त्या पाठीकडे बघत राहिले... त्याचे कानसुद्धा लाल झाले होते.

"मास बान्यू," इंग्रजीत कधी न म्हटलेलं, आमच्या भाषेतलं आदराचं 'मास' तोंडातून निघून गेलं. "मला तुमची भीती वाटते. तुम्ही जाल याची जास्त वाटते."

"मी कुठे जातोय? मला तर पाय उचलवत नाहीये," तो पाठमोराच म्हणाला. "आता वळू?"

"वळा."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तासाची वेळ झाली होती. त्याने माइक उघडला.

"किटली आली!" हान म्हणाली.

टीचर लुर्देसनी विचारलं, "पण आज एकच? सेकारची कुठे?"

बान्यूने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या हातातून फोन घेतला आणि कॅमेरा सुरू केला. सगळे बघत होते. माझा आवाज कापत होता, पण फुटला.

"एकच आहे, टीचर," मी म्हणाले. "आम्ही दोघं तिच्याजवळ उभे आहोत."