अमावास्येचा भाव

कासवबेटावरच्या अर्थप्रयोगशाळेला एकच खिडकी होती. तिच्यातून बेट दिसायचं. तेलविहिरींचे मनोरे, शाळेचं निळं छप्पर, समुद्राचं पाणी गोडं करणारं क्षारमुक्ती केंद्र. समोरच्या भिंतीवरही बेटच दिसायचं, तेच मनोरे आणि तेच छप्पर. ती प्रतिनगरी, संगणकात वसवलेली बेटाची हुबेहूब नक्कल. नवा पाहुणा दोन्हींकडे आळीपाळीनं बघायचा आणि यातलं खरं कुठलं, असं गमतीनं विचारायचा. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. हेमांगी चौबळ तोंडदेखलं हसायच्या. हा विनोद ऐकून त्यांचे कान किटले होते.

त्या सकाळी अर्थसचिव यशोधर केळुसकर स्वतः आले. त्यांनी खिडकीकडे पाहिलं नाही, भिंतीकडेही नाही. खुर्ची ओढून बसले आणि हातातला कागद टेबलावर ठेवला.

"बाई, आडवळणानं बोलत नाही. प्रयोगशाळेची वीज बंद करतोय. उद्या दुपारपासून."

बेटावर कुणी कर भरत नसे, आणि त्याचा सगळ्यांना अभिमान होता. तेल बाहेर जायचं, सरकारला स्वामित्वधन मिळायचं, आणि त्यातून पगार, शाळा, दवाखाना, पाणी असं सगळं निघायचं. वीजसुद्धा मुख्य भूमीवरून विकत यायची. भाव चढा होता तोवर या ऐटीत काही चूक आहे असं कुणाला वाटलं नाही. मग मुख्य भूमीवर अणूंच्या संलयनाची स्वस्त वीज आली आणि तेलाचा भाव रोज थोडा थोडा उतरू लागला. उत्पन्न उतरलं, पण पगार उतरेनात. पाण्याला वीज लागायची ती लागतच होती, कारण बेटावर गोड्या पाण्याचा एकही झरा नव्हता.

"असंच चाललं तर पुढच्या महिन्यात नळ कोरडे पडतील," केळुसकर म्हणाले. "तुमचे संगणक क्षारमुक्ती केंद्राइतकी वीज खातात. माणसांना पाणी द्यायचं की भिंतीवर चित्र हलवायचं, यात मला फार विचार करावा लागत नाही." त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"सही खुशाल करा," हेमांगीबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा रात्रभर झोप न झाल्यासारखा दिसत होता. "पण आधी एक बघा. ताणचाचणी कशी होते ते माहीत आहे ना?"

"तुम्ही भाव पाडता आणि बेट कधी मोडतं ते बघता."

"प्रतिनगरीत प्रत्येकाचा प्रतिजन आहे. तुमचा आहे, माझाही आहे. त्यांचा दिवस आपल्या दिवसाबरोबर उगवतो, आपल्याच पंचांगावर. आम्ही फक्त भावचक्र फिरवतो, रोज एक टप्पा खाली. बाकी सगळं ते आपल्या मनानं करतात. तुम्ही जे कराल तेच तुमचा प्रतिजन करतो. तसं नसतं तर चाचणीला काही अर्थच नव्हता."

"आणि नळ कोरडे पडले की?"

"भाव टिपून घेतो आणि प्रतिनगरी पुसून नवी भरतो." आजवर हे वाक्य त्यांच्या तोंडून सहज निघत असे. आज 'पुसून' या शब्दाशी त्या अडखळल्या.

"तिथल्यांना कळतं?"

"कसं कळणार? भाव का पडला याची कारणं त्यांच्या बातम्यांत रोज येतात. ती त्यांची तेच शोधतात."

केळुसकरांनी घड्याळ पाहिलं. बाईंनी ते पाहिलं, पण थांबल्या नाहीत. "टिल्लूसरांचा नियम तुम्हाला ठाऊक असेल."

तो बेटावर सगळ्यांनाच ठाऊक होता. भाऊसाहेब टिल्लू हे प्रयोगशाळेचे संस्थापक. गणितात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण अमावास्येला ते भावचक्राला शिवत नसत. ते गेल्यावरही मंडळींनी नियम पाळला, अर्धा प्रेमानं आणि अर्धा चेष्टेनं. अमावास्येला प्रयोगशाळेत बटाटेवडे यायचे आणि चक्र जागच्या जागी राहायचं.

बाईंनी भिंतीवर एक रेघ आणली. जिन्यासारखी उतरत जाणारी, सगळ्या पायऱ्या सारख्या, आणि महिन्यातून एक पायरी रुंद. "हा प्रतिनगरीतला भाव. रुंद पायरी म्हणजे अमावास्या." मग तिच्याखाली दुसरी रेघ आली. तीही तशीच उतरत होती. तीही महिन्यातून एकदा थबकत होती.

"ही कुठली?"

"ही आपली. जगाच्या बाजारातली."

"बाजाराला सुट्टी असेल."

"दर महिन्याला वेगळ्या वारी? व्यवहार होतात, साहेब. भाव तेवढा हलत नाही. परदेशातल्या दलालांच्या भिंतीवर पंचांग लटकत नाही ना."

केळुसकरांनी पहिल्यांदाच खिडकीबाहेर पाहिलं. शाळा भरत होती. निळं छप्पर फार स्वच्छ दिसत होतं, आणि त्या स्वच्छपणाचीच त्यांना भीती वाटली.

"आज तिथी कुठली?" त्यांनी हळू विचारलं.

"अमावास्या."

त्यांनी फोनवर भाव पाहिला. कालचाच होता.

"म्हणजे आपणही कुणाचीतरी प्रतिनगरीच आहोत. वर एक हेमांगी चौबळ आहे, माझ्याच सवयींची," बाई म्हणाल्या. "आणि एक केळुसकर आहेत, तुमच्याइतकेच शहाणे. भाव पडल्यावर ते आधी कशाची वीज तोडतील?"

केळुसकरांनी कागद बाजूला सारला. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"आपण करायचं काय?"

"त्यांनी जे करावं असं आपल्याला वाटतं, ते आपण खालच्यांसाठी करायचं. दुसरं काही आपल्या हातात नाही."

प्रयोगशाळा चालू ठेवायची आणि पाणी दिवसाआड सोडायचं, असं ठरलं. उद्या बायका रिकामे हंडे घेऊन दारात उभ्या राहतील हे केळुसकरांना माहीत होतं. चक्र उलटं फिरवायचं तर लगेच फिरवता आलं असतं, पण टिल्लूसरांचा नियम त्या दिवशी मोडायची दोघांचीही छाती झाली नाही.

प्रतिपदेच्या सकाळी हेमांगीबाईंनी भावचक्र वर फिरवलं, एक रुपयानं. केळुसकर शेजारी उभे होते. दोघंही फोनकडे बघेनात.

दार ढकलून शिपाई बाबी आत आला. हातात पेढ्यांचा पुडा होता. "भाव चढलो, साहेब. रुपयान. सगळे नाक्यार जमलेत. पेढो घेवा."

खिडकीबाहेर फटाक्यांचा आवाज आला. हेमांगीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आनंदाचं की भीतीचं, त्यांचं त्यांनाच कळेना. भिंतीवरच्या प्रतिनगरीत, प्रयोगशाळेच्या इवल्याशा खोलीत, एक इवलासा बाबी पुडा घेऊन आत शिरत होता.

बाबी गेल्यावर केळुसकर म्हणाले, "वरच्यांनी ऐकलं म्हणायचं."

"ऐकलं नाही. त्यांनाही त्यांच्या रेघेत अमावास्या दिसली." बाई खुर्चीत बसल्या. "त्यांचा भावही कुणीतरी फिरवतंय. म्हणून ते घाबरले, आणि म्हणून आपण वाचलो."

"मग त्यांच्या वरचेही घाबरतील. चांगलंच आहे की."

"कुठंतरी हे संपणार, साहेब. सगळ्यात वर एक खरं बेट असणार."

"असेना."

"तिथला भाव खराच पडत असेल, अमावास्येलासुद्धा. तिथल्या बाईंना रेघेत काहीही दिसणार नाही. त्या तिथल्या केळुसकरांसमोर गप्प बसतील, आणि तिथली वीज गेली की खालची सगळी बेटं जातील."

केळुसकरांच्या हातातला पेढा हातातच राहिला. कालची सकाळ त्यांना जशीच्या तशी आठवली. पेनाचं टोपण काढताना त्यांना जराही वाईट वाटलं नव्हतं. उलट, आता माणसांना पाणी मिळेल म्हणून बरंच वाटलं होतं. 'उद्या दुपारपासून,' असं ते म्हणाले होते.

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दुपार व्हायला अजून थोडा वेळ होता.