बाळाच्या खोलीत गार वारं

“पुष्पाताई, खळीचा गोळा झाला! आता यात पाणी टाकू का याच्या पोळ्या लाटू?”

“पाणी टाक, बळ्या! अन् बोट चाटू नको, तिच्यात मोरचूद हाय!”

बळीरामने तोंडाजवळ नेलेलं बोट घाईघाईने चड्डीला पुसलं. शिडीवर उभा असलेला ओमप्रकाश फिदीफिदी हसला आणि त्याच्या हातातला खळ लावलेला पेपर निम्मा भिंतीला, निम्मा त्याच्याच डोक्याला चिकटला.

नाताळची सुट्टी लागली होती. गल्लीतली बाकीची पोरं गोट्या खेळत होती आणि हे तिघे मात्र मधल्या खोलीत झरोके बुजवत बसले होते. पुष्पलता सातवीत, तिचा भाऊ बळीराम पाचवीत आणि समोरच्या घरातला ओमप्रकाश पुष्पलताच्याच वर्गात. झाडावर, भिंतीवर, शिडीवर, कुठेही चढायचं असलं की ओमप्रकाशचा पहिला नंबर असे.

एवढी धडपड चालली होती ती बाळासाठी. पुष्पलताची आई, अनुसया, धंतोलीच्या दवाखान्यात होती. तिला मुलगी झाली होती, पण दिवस भरायच्या आधीच. बाळ अगदी एवढंसं होतं. “त्याला गार वारं लागता कामा नये,” असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. ते ऐकून भिवापूरहून मदतीला आलेल्या जिजाआत्याने आपला निकाल देऊन टाकला.

“खोली गरम असली त बाळ इथं येईन. नाही त रविवारी दवाखान्यातूनच मायलेकींची उमरेडले मामाच्या घरी रवानगी! होळी झाल्यावर आणू.”

होळी! पुष्पलता बोटांवर महिने मोजू लागली. तिने बाळाला अजून पाहिलंसुद्धा नव्हतं, कारण दवाखान्यात मुलांना आत सोडत नसत. आईशिवाय घर तिला खायला उठत होतं. तिला आई हवी होती, बहीण हवी होती आणि दोघीही आपल्याच घरी हव्या होत्या.

पण नागपूरचं घर गरम ठेवणं म्हणजे सोपं काम नव्हे! इथली घरं बांधताना सगळ्यांच्या मनात वैशाख असतो. उंच छप्पर, भिंतीत झरोके, दाराखिडक्यांना बोटबोटभर फटी, म्हणजे वाऱ्याने कुठूनही यावं अशी सगळी सोय. मग डिसेंबरातलं बोचरं वारंही त्याच वाटांनी हक्काने घरात शिरतं आणि जायचं नाव घेत नाही.

नवं काही विकत आणायची ऐपत नव्हती. मग काय, जे फुकट मिळेल ते गोळा झालं! पुष्पलताचे बाबा, मनोहरराव, हिंगण्याच्या कारखान्यात होते. त्यांनी कंपनीच्या बसमधून रिकाम्या खोक्यांचे पुठ्ठे आणले, ते खिडकीला लागले. वाण्याने फाटकी पोती दिली. पुष्पलताने दाभणाने ती एकमेकांना शिवून दाराला जाडजूड पडदा केला. संत्र्याच्या बाजारात पेट्यांतून सांडलेली तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, ओमप्रकाशने पोतंभर उचलून आणली आणि गादीखाली पसरली. आत्याच्या जुन्या लुगड्यांची गोधडी झाली.

दुपारी आत्या पाहणीला आली. गादीवर बसली. जरा वेळाने तिने पदराने कपाळ पुसलं.

“गरम त झाली वं!”

तिघांनी एकमेकांना डोळे मिचकावले. जिजाआत्याच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे फार झालं.

पण दिवेलागण झाली आणि खोली गारठली! आत्या पडदा सारून आत आली ती शहारतच.

“काय केलं पोट्टे हो? कुठं फट ठेवली?”

“एक फट नाही ठेवली, आत्या! शपथ!”

“मंग हे वारं काय माह्या भिवापुरातून आलं?”

दुसऱ्या दिवशी पुन्हा खळ शिजली, पुन्हा पेपर चिकटले. संध्याकाळी पुन्हा तेच! बळीरामने खोलीत शेगडी ठेवायचं सुचवलं, तर आत्या कडाडली, “बंद खोलीत कोळशाची शेगडी? जीव जाईन साऱ्यांचा! पुन्हा नाव काढू नको!”

पुष्पलता गादीवर हात टेकून विचार करत बसली. गादी नुसती गार नव्हती, दमटही होती.

“ओम्या, बाहेरच्या खोलीत आपण एकही झरोका बुजवला नाही. तरी तिथं बरं वाटते, अन् इथं हुडहुडी! हे उलटं काहून?”

“भूत होगा,” ओमप्रकाश गंभीरपणे म्हणाला.

“मंग त्याले पण थंडी वाजून राहिली असन,” बळीराम म्हणाला.

“चूप बसा दोघंही! उदबत्ती आण, बळ्या. वारं दिसत नाही, पण धूर त दिसते ना!”

ही युक्ती झकास होती. खिडकीपाशी धूर सरळ वर गेला. दारापाशीही सरळ गेला. झरोक्यांखालीसुद्धा तो हलला नाही. मग उदबत्ती कोपऱ्यातल्या लाकडी कपाटाजवळ आली मात्र, धूर एकदम वळला आणि थेट बळीरामच्या डोळ्यांत गेला.

“आई गं! सापडलं, सापडलं!” बळीराम डोळे चोळत नाचू लागला. मग तो थबकला आणि नाक फेंदारून म्हणाला, “ताई, संत्रं!”

“तुले त जिथं तिथं खायचंच सुचते!”

“अवं, खरंच! नाक लावून पाह्य इथं!”

पुष्पलताने नाक लावलं. कपाटामागून गार, ओलसर वारं येत होतं आणि त्याला संत्र्यांचा घमघमाट होता!

तिघांनी जोर लावून कपाट सरकवलं. मागे भिंत नव्हतीच! फळ्या ठोकून बंद केलेलं एक जुनं दार होतं. हे घर आणि शेजारचं घर पूर्वी एकच होतं, हे पुष्पलताने बाबांकडून कधीतरी ऐकलं होतं. आता पलीकडे ईश्वरदासकाका राहत. ते संत्र्यांचे व्यापारी होते. फळ्यांना कान लावला तर आतून घर्रर्र असा आवाज येत होता.

“मागच्या गल्लीत चला!”

मागच्या गल्लीतल्या निंबाच्या झाडावर ओमप्रकाश सरसर चढला आणि पलीकडच्या खिडकीकडे पाहून त्याने आ वासला.

“कूलर! अरे, दिसंबर में कूलर चल रहा है!”

“काकाले ताप भरला असन,” बळीराम म्हणाला.

“ताप नाही रे!” पुष्पलताचं डोकं आता भराभर चालू लागलं होतं. “आत संत्री भरली हायेत. भाव चढेपर्यंत सडू नये म्हणून काका रोज संध्याकाळी त्यांना गार हवा देऊन राहिले. अन् तेच वारं फळ्यांच्या फटींतून आपल्याकडे!”

ईश्वरदासकाका दारात खुर्ची टाकून बसले होते. डोक्याला माकडटोपी, अंगावर शाल.

“काका, तुमच्या मागच्या खोलीत कूलर चालू हाय का?”

“कूलर? हिवाळ्यात?” काका दचकले, पण लगेच सावरले. “येड लागलं का पोट्टे हो? ते खोली रिकामी हाय! जा, खेळा!”

आत्याला सांगितलं तर ती उलट यांच्यावरच उखडली. “मोठ्या माणसावर आळ घेता? तुमचीच खळ पातळ असन!”

मग तिघांनी फळ्यांच्या फटींत पेपरचे बोळे कोंबले, पण कूलरच्या जोराने आणि ओलीने ते रात्रीतच गळून पडले. शनिवार उजाडला. उद्या रविवार! मामाचं माणूस उमरेडहून निघायची तयारी करत असेल, या विचारात पुष्पलता ताटातला घास नुसता चिवडत बसली. बाबा सकाळीच कारखान्यात गेले होते. जे करायचं ते आपल्यालाच, आणि आजच. ताट तसंच ठेवून ती उठली, आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या पोत्यावर तिची नजर खिळली. पोत्यात आत्याने आणलेल्या भिवापुरी मिरच्या होत्या.

“कूलर बाहेरची हवा आत ओढते ना?” ती दोघांना म्हणाली. “मंग आज त्याले अशी हवा देऊ, की आत्याले बसल्या जागी कळन!”

संध्याकाळी बळीरामने लाडीगोडी लावून आत्याला मधल्या खोलीत नेऊन बसवलं. घर्रर्र सुरू झालं तशी ओमप्रकाशने झाडावरून खूण केली. पुष्पलताने चुलीतले चार निखारे घमेल्यात घेतले होते. कूलरच्या खाली घमेलं ठेवून तिने त्यात दोन मिरच्या टाकल्या आणि नाक दाबून मागे सरली. धुराची बारीक रेघ वर आली, कूलरच्या गवतापाशी गेली आणि सर्रकन आत नाहीशी झाली! लगेच तिने निखाऱ्यांवर लोटाभर पाणी ओतलं.

“आक् छी! आक् छी! मेलो रे बाप्पा!”

आवाज ईश्वरदासकाकांच्या ‘रिकाम्या’ खोलीतून आला होता! पुष्पलता धावत पुढच्या गल्लीत आली. काका धापा टाकत दारातून बाहेर पडले. माकडटोपी एका कानावर आणि दोन्ही हातांत एकेक संत्रं! त्याच वेळी इकडच्या दारातून जिजाआत्या खोकत बाहेर आली.

“कोनं मिरच्या जाळल्या माह्या कूलरपाशी?” काका गरजले.

“कोनत्या कूलरपाशी, ईश्वरदासभाऊ?” आत्याने डोळे पुसत विचारलं.

हातातली संत्री लपवावी तर कुठे, ते काकांना सुचेना.

“काय सांगू, जिजाबाई,” ते शेवटी ओशाळून म्हणाले, “या पोट्ट्यांले कळलं असतं त एक संत्रं उरलं नसतं.”

“ते खरं हाय,” बळीरामने कबूल केलं. सगळी गल्ली हसू लागली.

पुष्पलता मात्र हसली नाही. ती काकांसमोर जाऊन उभी राहिली.

“काका, त्या फळ्यांच्या इकडे आमच्या बाळाची खोली हाय. ते लय लहान हाय. खोली गार राहिली त उद्या ते उमरेडले जाईन, अन् आईपण...” तिचे डोळे भरून आले होते, आणि ते मिरचीने नव्हे.

ईश्वरदासकाकांचा चेहरा उतरला. “नाही माहीत होतं बेटा मले! फळ्यांच्या मागं तुमी भिंत घातली असन, असं समजून चाललो मी. पाहिलंच नाही कधी.”

ते तडक आत गेले आणि घर्रर्र बंद झालं.

“अन् तुमचा माल?” आत्याने विचारलं.

“उद्या पहाटेच बाजारात! तसाही आता त्याले ठसका लागला हाय!”

मग काका स्वतः हातोडी घेऊन आले. पेट्यांतली तणीस पोत्यांत ठासून त्यांनी दोन्ही बाजूंनी ते दार गच्च बुजवलं. मनोहरराव घरी आले तेव्हा सगळे घामाघूम होऊन खिळे ठोकत होते. हकीकत ऐकून ते आधी रागावले, “निखारे एकटीनं उचलले? हात भाजला असता तर?” आणि मग त्यांनी तिघांच्या पाठीवर जोराने थाप मारली. “पण डोकं चालवलं बरं का पोरांनो! आम्ही मोठी माणसं नुसती पेपरला नावं ठेवत बसलो.”

रविवारी दुपारी रिक्षा दारात थांबली. आई उतरली, तिच्यामागून दुपट्याशालींचं एक गाठोडं छातीशी धरून आत्या उतरली. पुष्पलता बाजूला उभी होती. दिवेलागणीला खोली कशी राहते ते पाहूनच आत्या निकाल देणार होती, आणि मामाचं माणूस उमरेडहून येऊन ओट्यावर वाट पाहत बसलं होतं.

आत्या मधल्या खोलीत गेली. दिवेलागण होईपर्यंत ती गादीवरून उठली नाही. बाहेर गारठा वाढला, शेजारपाजारच्या शेकोट्या पेटल्या. पुष्पलता उंबऱ्यावर बसून होती. अखेर आत्याने बाळाची वरची शाल काढली, मग दुसरी. बाळाच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि कुंचीची गाठही सैल केली.

“पोरीले घाम आला,” ती म्हणाली. “उमरेडच्या माणसाले चहा पाजा अन् वापस धाडा.”

बळीरामने बाहेर जाऊन एवढ्या जोरात आरोळी ठोकली, की बाळ दचकून रडायला लागलं. आईने हात पुढे केले, तशी आत्याने मान हलवली.

“थांब, अनुसया. पहिले हिच्या मांडीवर देतो. बहिणीचं घर हिनं गरम केलं.”

पुष्पलताने मांडी घातली, हात धुतलेत ना ते दोनदा पाहिलं आणि श्वास रोखून बाळाला घेतलं. बाळ रडायचं थांबलं. त्याने तिचं बोट मुठीत घट्ट पकडलं. ती इवलीशी मूठ छान ऊबदार होती.