रायफलीचं सीमोल्लंघन

"माझ्या मालकानं बंदूक गिळली व्हय, बाई? तुमीच सांगा. पाच फुटाचा माणूस अन् साडेतीन फुटाची बंदूक. मावंल कुठं?"

चतुराबाई दारातच उभी होती. आत या म्हटलं तरी येईना. रागावलेल्या माणसाला बसायला सांगणं म्हणजे त्याचा अपमानच, हे ओळखून अंबिकाबाई सेलूकर स्वतःच उठून दारात आल्या.

अंबिकाबाईंनी वीस वर्षं विमा कंपनीसाठी नुकसानीच्या पाहण्या केल्या होत्या. आपोआप पेटलेली गोदामं आणि आपोआप हरवलेले दागिने बघून बघून त्यांचा माणसांवरचा विश्वास उडाला होता आणि वस्तूंवर बसला होता. नोकरी सोडून त्यांनी समर्थनगरातल्या घरावर 'खासगी तपास' अशी पाटी लावली. त्यांचे दीर सदाशिवराव, इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, तेव्हापासून रोज सकाळी येत, पेपर मोठ्यानं वाचत आणि भलत्याच माणसावर संशय घेत.

आताही ते वाचत होते. "'सोयगाव तालुक्यातल्या परवान्याच्या रायफली काल सोमवारी पोलिसांत जमा. मेंढपाळ फकिरा याला गेल्या महिन्यात लागलेल्या गोळीशी त्या ताडून पाहणार. रानडुक्कर समजून गोळी झाडल्याचा अंदाज.' बघा वहिनी, माणूस आणि डुक्कर यातला फरक..."

"भाऊजी, पेपर ठेवा. चतुराबाई, पहिल्यापासून सांगा."

चतुराबाईचा नवरा बन्सी चिकलठाणा विमानतळावर एका खासगी कंपनीचं सामान चढवायचा. शनिवारी, ऐन दसऱ्याच्या सकाळी, सोयगावकडचे बडे बागायतदार काकासाहेब आजोबांची शिकारीची रायफल दुरुस्तीला घेऊन दिल्लीला निघाले. रायफलीची कुलूपबंद पेटी काउंटरवर दिली. बन्सीनं ती हातानं विमानाच्या पोटात नेऊन ठेवली. दिल्लीला कुलूप जसंच्या तसं. उघडलं तर आत रायफल नाही. पोत्यात गुंडाळलेली लोखंडी पट्टी.

"म्हंजी बन्सीच चोर. तीन दिवस झालं, कुठं इकली बोल म्हनून मारत्यात. आमचं वावर धावपट्टीत गेलं, बाई. आपल्याच वावरात ह्यो लोकांच्या पेट्या उचलतो. घरात आता शेतीचं खुरपंसुदीक ऱ्हायलं नाय, अन् ह्यो बंदुका इकनार?"

"रिक्षा बोलवा, भाऊजी," अंबिकाबाई म्हणाल्या.

इन्स्पेक्टर सांडू प्रसन्न होते. प्रकरण सुटलं होतं, फक्त रायफल सापडायची होती.

"दहा मिनिटं पेटी त्याच्या ताब्यात होती, मॅडम. डुप्लिकेट चावी केली असणार."

"चावी सापडली?"

"फेकली असणार."

"आणि रायफलीच्या वजनाची पट्टी खिशात घेऊन फिरत असणार?" अंबिकाबाईंनी पेटीवरचा टॅग पाहिला. औरंगाबादला नऊ किलो चारशे. दिल्लीच्या कागदावरही नऊ किलो चारशे.

"विमानतळावरच्या अडसराची असेल. रंग दिलेली आहे." सांडूंनी दिल्लीचा पंचनामा पुढं केला. पट्टी स्वतः दिल्लीतच अडकली होती. पंचनाम्यात लिहिलं होतं: 'लोहे की चपटी पट्टी, एक नग, लंबाई ढाई फुट, एक धार घिसी हुई, बीच में लाल-पीला रंग।'

दिल्लीहून परत आलेली पेटी टेबलावर होती. आत रायफलीच्या आकारात कापलेला पांढरा स्पंज. अंबिकाबाईंनी त्यावरून रुमाल फिरवला. रुमाल पांढराच राहिला.

"नवा दिसतो," सदाशिवराव म्हणाले.

"नवा नाही. स्वच्छ आहे."

कोठडीतल्या बन्सीचा डावा डोळा उघडत नव्हता. उजव्यानं त्यानं बाईंकडं पाहिलं.

"काउंटरवरच्या साहेबांनी टॅग लावला, म्या उचलली. नेऊन ठिवली. बास."

"साहेबांनी पेटी उघडून बघितली का?"

"म्या भिताडापल्याड व्हतो. दिसलं नाय. खोटं कसं सांगू?"

तीन दिवस मार खाऊन माणूस अजून 'दिसलं नाय' म्हणत होता. अंबिकाबाई सदाशिवरावांना घेऊन बाहेर आल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, ह्या इमारतीत खोटं न बोलणारा एकच माणूस आहे, आणि तो गजाआड आहे."

कंपनीचा सुरक्षा अधिकारी मुकुंद चौसाळकर इस्त्रीचा माणूस होता. शर्टाला इस्त्री, केसांना इस्त्री, उत्तरांनाही.

"नियमाप्रमाणे पेटी उघडली. रायफल रिकामी असल्याची खात्री केली. परवान्यावरचा नंबर रायफलीवरच्या नंबरशी ताडला. फॉर्म भरला."

"क्ष-किरण यंत्रातून?"

"बंदूक आहे असं मालकच सांगतोय, मग यंत्र आणखी काय सांगणार? हत्यार हातानं तपासतात."

"हातात घेतलीत?"

"अर्थात."

"कशी होती?"

"चकचकीत. एक डाग नाही. तेल देऊन पुसलेली. काकासाहेबांचं सगळंच टापटीप असतं."

"ओळखता त्यांना?"

"त्यांना कोण ओळखत नाही?" मुकुंदरावांनी टाय सारखा केला. "आमच्या कंपनीच्या मॅनेजरांशीही त्यांचे घरोब्याचे संबंध आहेत."

"हा लपवतोय काहीतरी," बाहेर आल्यावर सदाशिवराव म्हणाले. "रायफल ह्यानंच काढली."

"लपवतोय खरं," अंबिकाबाई म्हणाल्या. "पण चोर असता तर इतका घाबरला नसता."

दुसऱ्या दिवशी दोघं काकासाहेबांच्या गावी गेले. बंगल्यासमोर दोन ट्रॅक्टर, एक जीप, आणि भिंतीला टेकवलेलं एक जुनं वखर. नुसतं लाकूड, पण जाड आडव्या दिंडावर हळदकुंकवाची बोटं आणि सुकलेली झेंडूची माळ. सालगडी कडूबा खांद्यावर टॉवेल टाकून घाईनं निघाला होता.

"कुठं निघालास?"

"शेजारी. वखर मागाया. पेरनीचे दिस, अन् आमचं मोडलंय."

काकासाहेब ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसले होते. उठले नाहीत.

"बाई, माझी आजोबांची रायफल गेली. निजामाच्या काळातली. अन् तुम्ही त्या चोरट्याची वकिली करता?"

"शुक्रवारी ती इथंच होती, याला साक्षीदार?"

"अख्खं गाव!" काकासाहेब गरजले. "खंडेनवमी होती. रायफल, तलवार, नांगर, वखर, सगळं पाटावर मांडून मी स्वतः पूजा केली. दस्त्याला हळदकुंकू, नळीला माळ. शनिवारी पहाटे पेटीत ठेवली."

"पुसून?"

काकासाहेबांचा चेहरा असा झाला की जणू बाईंनी देवाची मूर्ती घासायला मागितली. "पूजलेलं हत्यार पुसायचं? आमच्यात नाय. कुंकू आपोआप जाईस्तोवर त्याला हात लावत नाहीत. आजोबांपासूनची रीत आहे."

"आणि सोमवारी रायफली जमा करायच्या होत्या."

"असती तर सगळ्यांत आधी मी केली असती! आता विमान कंपनीनं हरवली, त्याला मी काय करू?"

बोलता बोलता अंबिकाबाई आत शिरल्या आणि देवघराच्या उंबऱ्यापाशी थांबल्या. काकासाहेब झोपाळ्यावरून पहिल्यांदा उठले. "तिथं बाहेरच्यांना जाता येत नाही."

परतताना भाड्याच्या जीपमध्ये सदाशिवराव म्हणाले, "माणूस धार्मिक आहे हो."

"फार," अंबिकाबाई म्हणाल्या. "त्यातच अडकला."

पण इन्स्पेक्टर सांडूंना हलवणं सोपं नव्हतं. काकासाहेबांच्या घरी जायचं तर वरून परवानगी हवी, आणि वरच्यांना काकासाहेबांची. अंबिकाबाई आठ दिवस खेटे घालत राहिल्या. शेवटी त्यांनी सांडूंना फक्त एवढंच कळवलं की काकासाहेबांची रायफल सापडली आहे आणि ती त्यांच्या ओसरीवर सगळ्यांसमक्ष त्यांना परत द्यायची आहे. मालकाची वस्तू मालकाला द्यायला परवानगी लागत नाही. सांडू आले. मुकुंदराव आले. हातकडीतला बन्सी आला, आणि कुणी बोलावलं नसताना चतुराबाईही एसटीनं येऊन अंगणात उभी राहिली.

"कुठाय रायफल?" काकासाहेबांनी विचारलं.

"सांगते. आधी मुकुंदराव. तुम्ही हातात घेतलेल्या रायफलीवर एक डाग नव्हता. काकासाहेब म्हणतात, आदल्या दिवशी दस्त्याला हळदकुंकू लावलं आणि ते पुसत नाहीत. तुमच्यापैकी एकजण खोटं बोलतोय."

मुकुंदरावांची इस्त्री मोडायला लागली.

"कुंकवाच्या बाबतीत काकासाहेब खरं बोलतायत, त्यांना गाव साक्षी आहे. मग तुम्ही कुठली रायफल पाहिलीत? कुठलीच नाही. परवान्यावरचा नंबर फॉर्मवर उतरवलात आणि पेटी न उघडता सही केलीत. हो की नाही?"

"काकासाहेबांना 'पेटी उघडा' कसं म्हणायचं?" मुकुंदराव पुटपुटले. "त्यांनी नुसतं माझ्याकडं बघितलं हो."

"तुमाकडं बघितलं," अंगणातून चतुराबाई म्हणाली, "अन् डोळा माझ्या मालकाचा फुटला."

मुकुंदरावांनी टाय सैल केला.

"आता पेटी," अंबिकाबाई म्हणाल्या. "ओल्या हळदकुंकवाची रायफल पहाटे आत ठेवली, तर पांढऱ्या स्पंजावर डाग हवा. रुमाल फिरवून पाहिला. नाही. म्हणजे पूजेनंतर रायफल त्या पेटीत गेलीच नाही. दोन्हीकडं वजन तेवढंच भरलं, कारण पट्टी घरूनच पोत्यात गुंडाळलेली आत बसून निघाली होती."

"कसली पट्टी? कुणाची पट्टी?" काकासाहेब ओरडले. "विमानतळावर लोखंडाला तोटा आहे?"

"अडीच फूट लांब, चपटी, एक धार झिजलेली. दिल्लीच्या पोलिसानं लिहिलं, मधे लाल-पिवळा रंग. तो बिचारा काय ओळखणार? तो रंग नव्हे, काकासाहेब. हळदकुंकू. ती तुमच्या वखराची पास आहे."

सदाशिवरावांनी भिंतीकडं पाहिलं. वखर अजून तिथंच होतं.

"कडूबा म्हणाला, मोडलंय. काय मोडलंय? दिंड शाबूत आहे. खाली जमीन कापणारी लोखंडी पास तेवढी नाही. दोन ट्रॅक्टरवाला माणूस ऐन पेरणीत शेजाऱ्याकडं वखर मागतो! पास काढताना तुम्हाला कुंकू दिसलं असणार. दुसऱ्या कुणी ते पुसलं असतं. तुमच्यानं पुसवलं नाही, कारण पूजलेलं हत्यार पुसत नाहीत. फकिराला गोळी घालताना हात थरथरला नाही, पण कुंकवाला फडकं लावायला थरथरला."

"तोंड सांभाळा, बाई!"

"सोमवारी रायफल जमा करावी लागली असती आणि गोळी जुळली असती. म्हणून दसऱ्याला तिला सीमोल्लंघन घडवलंत. कागदावर. पावती विमान कंपनीची, चोर बन्सी. फकिरा काय, बन्सी काय. तुमच्या हिशेबी दोघंही पिकात शिरलेले."

"पण रायफल कुठंय?" सांडूंनी विचारलं. इतक्या दिवसांत त्यांनी विचारलेला हा पहिला बरा प्रश्न होता.

"वखराच्या पासेवरचं कुंकू ज्याला पुसवत नाही, तो आजोबांची पूजलेली रायफल विहिरीत टाकेल? ती घरातच आहे. आणि घरात अशी एकच जागा आहे, जिथं पोलीस झडती घेत नाहीत, हात जोडून परत फिरतात."

सांडू देवघराच्या उंबऱ्यापाशी गेले. बूट काढले. हात जोडले.

"नमस्कार झाला असेल तर देव्हाऱ्यामागं बघा," अंबिकाबाई म्हणाल्या.

देव्हाऱ्यामागं लाल कापड होतं. कापडात रायफल होती. दस्त्यावर पाच बोटं हळदीची, वर कुंकू. कुणीही पुसलेलं नव्हतं.

काकासाहेब झोपाळ्यावर बसले. सांडूंनी बन्सीची हातकडी काढली आणि ती हातात धरून ते क्षणभर तसेच उभे राहिले, कुठं घालायची हे वरून कुणी सांगेल म्हणून. कुणी सांगितलं नाही. त्यांनी ती काकासाहेबांना घातली.

पुढं फकिराला लागलेली गोळी त्याच रायफलीची निघाली.

बन्सी घरी आला त्याच दिवशी कंपनीचं पत्र आलं. 'विनापरवानगी तेरा दिवस गैरहजर राहिल्याबद्दल आपणास कामावरून कमी करण्यात येत आहे.' चतुराबाईनं ते अंबिकाबाईंच्या हातात दिलं. या वेळी ती आत येऊन बसली.

अंबिकाबाई तडक विमानतळावर गेल्या. मॅनेजरांच्या टेबलावर त्यांनी एक बंद पाकीट ठेवलं. आत मुकुंदरावांच्या लेखी जबाबाची प्रत होती आणि बन्सीला तेरा दिवसांच्या पगारासह परत घेण्याचा आदेश टाइप करून आणलेला होता.

काकासाहेबांना कुणी पकडून दिलं हे मॅनेजरांनी पेपरात वाचलं होतं. ते उठून उभे राहिले, खुर्ची पुढं केली, खिशातून पेन काढलं.

"बोला मॅडम, सही कुठं करू?"

"आधी पाकीट उघडा," अंबिकाबाई म्हणाल्या.