झुडपातली पोकळी

आमच्या घराची मागची भिंत आणि कुंपण यांच्यामध्ये जमिनीचा एक अरुंद पट्टा आहे. तिथे ऊन कधीच येत नाही. हिचं मांडीचं हाड मोडलं आणि पलंग त्या बाजूच्या खिडकीशी हलवावा लागला, तेव्हा मला वाटलं, हिला पडल्या पडल्या काहीतरी हिरवं दिसावं. हाड जुळून आलं होतं. डॉक्टर म्हणाले, "आता उभं राहायचं त्यांनीच मनावर घ्यायला हवं." ही मात्र भिंतीकडे तोंड करून पडून असे. असं पडून पडून माणूस कसं विझत जातं, ते मी थोरल्या भावाच्या वेळी पाहिलं होतं. मला त्याचीच धास्ती होती.

जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, पण रोपं विकत घ्यायची म्हटली की अजून मला घाम फुटतो. नर्सरीवाल्याला भीत भीतच विचारलं, "सावलीत जगेल, बारा महिने हिरवं राहील, असं काही आहे?"

त्यानं पुरुषभर उंचीची, काळपट हिरव्या, चकचकीत पानांची झुडपं दाखवली. "ही न्या सर. ऊन लागलं तरच कुरकुर करतात. पाणी मात्र बेतानं. शिकलेली माणसं झाडं लाडानंच मारतात."

त्याच्या माणसांनी ती खिडकीसमोर ओळीनं लावली. मी दोरी धरून उभा होतो. खिडकीतून ही म्हणाली, "अहो, त्यांना शिकवायला लागू नका हं. झोपतील बिचारी!"

किती दिवसांनी हसली होती!

झुडपं रुजली, दाट झाली, एकमेकांना भिडली. फक्त मधल्या झुडपात, खिडकीच्या बाजूला, एक पोकळी राहिली. कीड नव्हती, पानं कुणी खुडलेली नव्हती. तिथे ती आलीच नव्हती. कुणी सडपातळ माणसानं झुडपात तोंड खुपसून उभं राहावं, तेवढीच जागा. वर डोक्याएवढी, खाली खांद्यांशी रुंद. असे आकार ढगांतही दिसतात म्हणा. शिवाय माझ्या चष्म्याचा नंबर वाढला आहे.

हिला म्हटलं, "त्या झुडपाला काय झालंय कळत नाही."

"ती उभी असते ना तिथे," ही सहज म्हणाली. "मग पानं कुठून येणार?"

"कोण ती?"

"मला काय माहीत? पाठमोरी असते."

मला वाटलं, गोळ्यांचा परिणाम. पण त्या दिवसापासून ही भिंतीकडे तोंड करून पडेना. तासन्‌तास त्या पोकळीकडे बघत राही. हे काही मला बरं लक्षण वाटेना.

दोष झाडात आहे की जागेत, हे ठरवायची एक साधी रीत आहे. झाड हलवायचं, त्या जागी दुसरं लावायचं आणि वाट पाहायची. विद्यार्थ्यांना हेच शिकवत आलो. मी ते झुडूप मुळांसकट काढवून मोठ्या कुंडीत घेतलं. सावलीतलं झाड, घरात सहज जगेल. हिच्या डोळ्यांसमोर ते भरून आलं की हिच्या मनातलं जाईल, असा माझा हिशेब. कुंडी हिच्याच खोलीत, खिडकीखाली ठेवली.

"बाहेर होतं ते काय वाईट होतं?" ही म्हणाली. मग आवाज खाली आणून, "आणलंत ते आणलंत. पण ठेवलीय तशीच राहू द्या. कुंडी फिरवू नका."

"का गं?"

"अजून पाठमोरी आहे..."

बाहेर नवं झुडूप सरळ, भरगच्च वाढू लागलं. म्हणजे दोष जागेत नव्हता. कुंडीतली पोकळी मात्र होती तशीच राहिली, पलंगाच्या बाजूला. बाकीची पानं खिडकीकडे झुकू लागली. घरातली कुंडी अधूनमधून फिरवावी, नाहीतर झाड एकांगी वाढतं. हे इतकी वर्षं सांगत आलो आहे की हातांना आता मला विचारावं लागत नाही. एका दुपारी हिचा डोळा लागला होता. मी पाणी घालायला वाकलो आणि कुंडीची कड धरून तिला अर्धा फेरा दिला.

आणताना दोन गडी लागले होते तिला. आता ती अलगद फिरली. आत कुणीतरी आपणहून वळावं तशी.

"अहो... काय केलंत हे?"

ही जागी होती. माझ्याकडे नव्हे, पानांमधून काहीतरी बघत होती.

"काय दिसतंय?"

"तोंड..."

"कुणाचं?"

हिनं पांघरूण सारलं, पाय जमिनीवर टेकले आणि उभी राहिली. कशाचाही आधार न घेता चालत आली, माझ्या आणि झुडपाच्या मध्ये उभी राहिली आणि मला बाहेर ढकलू लागली. "चला... मागे बघू नका..." मला रडू फुटलं. आनंदानं की भीतीनं, ते आजही ठरवता येत नाही.

डॉक्टर खूष झाले. आठवड्याभरात पोकळीही भरली, इतकी की बोट शिरेना. मी हिला म्हणालो, "बघ, काही नव्हतं."

"भरली म्हणजे ती आता तिथे नाही," ही म्हणाली. "एवढंच."

हिला अजून दिवसभर चालवत नाही. पण मी संध्याकाळी लिहायला बसलो की ही न बोलता येते आणि माझ्या फिरत्या खुर्चीमागे, खांद्यावर हात ठेवून उभी राहते. बस म्हटलं तरी बसत नाही. हाताला चुरडलेल्या पानांचा वास येतो. झुडपाची निगा आता हीच राखते, त्यामुळे असेल. आपली माणसं अशी जवळ असली की लिहिणं सोपं जातं. म्हणून तर हे सगळं लिहू शकलो.

आत्ताही हात खांद्यावर आहे. आज जरा गारच लागतोय. शाल आणून द्यावी, म्हणून उठणार होतो.

एवढ्यात आतल्या खोलीत पलंग करकरला. आणि तिथून, अगदी हळू, हिचा आवाज आला.

"अहो... खुर्ची फिरवू नका."