फरशीखालची भिंत

किल्ल्याच्या दुरुस्तीत वास्तुतज्ज्ञाने पहिल्या दिवशीच नियम घालून दिला होता: दगड हलवायचा तर आधी त्यावर क्रमांक घालायचा, कागदावर त्याचं चित्र काढायचं आणि मगच हात लावायचा. तीन वर्षांत त्याने हा नियम एकदाच मोडला.

तटाला लागून नवं दालन उभं राहायचं होतं. बसकं, काचेचं, जुन्याच्या खांद्यावरून डोकं वर न काढणारं. पाया खणताना एक भिंत लागली. नकाशात ती नव्हती. नोंदी करायच्या तर दोन महिने काम बंद. त्याने ती एका दुपारी फोडायला लावली आणि दगड भरावात ढकलले. मिस्त्रीने मोजले, सदतीस. पुढे कुणकुण लागून पाहणी अधिकारी बाईंनी जाब विचारला, तेव्हा त्याने सरळ लिहून दिलं की मिस्त्रीने न विचारता भिंत फोडली. मिस्त्री घरी बसला. तो रस्त्यात दिसला की वास्तुतज्ज्ञ एखाद्या दुकानाच्या काचेत बघत उभा राहायचा.

दालन झालं. पहिल्याच आठवड्यात गुळगुळीत फरशीवर एक ओलसर रेघ उमटली. तिथून पाण्याचा नळ गेलेला नव्हता. पंखे लावून फरशी वाळवली. दुसऱ्या दिवशी रेघेला फाटे फुटले. मग त्यांचे चौकोन झाले, वेडेवाकडे, एकमेकांना चिकटलेले. त्याने ते मोजले. पुन्हा मोजले.

शेवटच्या पाहणीच्या सकाळी त्याने मिस्त्रीला बोलावून घेतलं.

"आता काय? अजून काही फोडायचं राहिलंय?" मिस्त्री दारातूनच म्हणाला. मग त्याने खाली पाहिलं आणि उचललेलं पाऊल मागे घेतलं.

"तीच भिंत आहे. या सांध्यात माझी पहार अडकली होती," तो म्हणाला.

"बाईंना सगळं खरं सांगतो. तुमच्यासमोर. परवाना गेला तर जाऊ दे."

"सांगा की. ऐकायला मी मोकळाच आहे. तुमच्याच कृपेने."

बाई आल्या तेव्हा वास्तुतज्ज्ञाने सांगितलं. कान तापले, मान वर होईना, पण एकही गोष्ट गाळली नाही.

अधिकारी बाई हसल्या. "मिस्त्रीची चूक स्वतःच्या अंगावर घेताय होय?" त्यांनी पिशवीतून कागद काढले. "अहो, तुमच्या नोंदी कालच्या टपालाने आल्या. सही तुमचीच आहे." मग मिस्त्रीकडे वळून म्हणाल्या, "मोठ्या मनाचे आहेत हो तुमचे साहेब."

कागदावर भिंत होती. एकेक दगड, क्रमांकासह. अक्षर त्याचं. तारीख त्या दुपारची.

"त्या दिवशी यांनी पेन्सिल हातात धरली नव्हती," मिस्त्री हळूच म्हणाला.

बाजूला शेऱ्यांचा रकाना होता. वास्तुतज्ज्ञ बोट ठेवून वाचत खाली आला.

कोपरा उडालेला. कड तिरपी. चुन्याचे डाग. कोपरा उडालेला.

सदतिसाव्या दगडासमोर लिहिलं होतं: आतून धरून ठेवलेला.