देवरामची परमिशन

खंडेनवमीला सातपूरच्या कारखान्यांत मशिनं बंद असतात. हळदकुंकू, झेंडूची माळ, पेढा, आणि सुट्टी. निवृत्तीशेठनी मात्र गेल्या खंडेनवमीला देवरामला पत्रा दाबायची प्रेस चालवायला लावली, आणि देवराम तिच्याखाली सापडून गेला. हात आत गेला की प्रेस थांबवणारा सेन्सर असतो. "तो त्यानंच बंद केला होता," असं शेठनी सगळ्यांना सांगितलं. त्याच्या बायकोलासुद्धा. आशा माझ्याच गल्लीत राहते. वर्षभर हेच ऐकतेय बिचारी. माझं तर डोकंच फिरायचं.

आज पुन्हा खंडेनवमी, आणि दुपारी त्याच शेठचा फोन आला. "मोहिनीताई, प्रेसचा कॉम्प्युटर अडलाय. माल आजच जायचाय."

कॉम्प्युटर दुरुस्ती हा माझा धंदा, म्हणून गेले. बाकी कोणी नव्हतं. माळ घातलेल्या प्रेसच्या लोखंडी टेबलावर हात टेकून शेठ उभे होते. मी डिस्क तपासायला लावली, तर इशाऱ्यांची रांगच लागली. फाइलची परमिशन चुकीची.

"हे काय आता?"

"काही नाही हो. कुठली फाइल कोणी वाचायची, कोणी बदलायची, कोणी चालवायची, हे ठरलेलं असतं. ते जुळलं नाही की मशीन कुरकुरतं. बहुतेकदा सोडून द्यायचं असतं."

पण ओळीओळीला फाइलच्या मालकाचं नाव एकच होतं. देवराम.

"त्याचं नाव मी तेव्हाच काढलंय," शेठ म्हणाले.

मी सगळ्या फाइली शेठच्या नावावर केल्या. पुन्हा तपासलं. पुन्हा देवराम. फक्त सेन्सरची फाइल तेवढी शेठच्या नावावर होती, पहिल्यापासून. देवरामला ती नुसती वाचता यायची. बदलायची परमिशन एकट्या शेठना.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"शेठ, देवरामला सेन्सर बंद करता येतच नव्हता."

"ती फाइल उडवा."

मी कीबोर्डवरून हात काढून घेतले. तरी स्क्रीनवर एक नवी ओळ उमटली. नाव निवृत्ती. मालक देवराम.

प्रेसची मोटर घरघरली. माळ हलायला लागली.

"ताई, माझा हात उचलला जात नाहीये."

हात कुठेही अडकला नव्हता. टेबलावर पाची बोटं सपाट पसरलेली होती.

"ओढा की."

"माझं ऐकतच नाहीये तो."

मेन स्विच माझ्या शेजारीच होता. खरं सांगते, मला बरं वाटलं. मी आधी आशाला फोन लावला आणि शेठच्या तोंडापाशी धरला.

"आशा, शेठ बोलतायत. ऐक."

"मी बंद केला," शेठ रडत होते. "सेन्सर मी बंद केला होता. देवरामनं नाही."

आशानं फोन ठेवला.

मग मी मेन स्विच पाडला.

पंखा थांबला. दिवे गेले.

मोटर चालूच राहिली.

स्क्रीनही चालू होती. तपासणी पूर्ण झाली होती. निवृत्तीच्या ओळीत मालक देवरामच होता, आणि आता एकही इशारा नव्हता.